एक दा, तीन रा

१

लघाट्यांच्या घरात सतारीवर ‘रा’ वाजवायचा नाही, हा नियम चारुताला सातव्या वर्षी सांगण्यात आला. का, ते विचारायचं नाही, हेही त्याच दमात.

सतार शिकणाऱ्या कोणत्याही पोराला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवतात. उजव्या तर्जनीत तारेची नखी चढवायची. मग बोट आत, तळव्याकडे ओढून तार छेडली की ‘दा’, आणि तेच बोट बाहेर ढकलून छेडली की ‘रा’. सगळी सतार या दोहोंवर उभी असते. जनार्दनकाकांनी मात्र चारुताच्या तर्जनीला पांढरा दोरा बांधला आणि त्याचं दुसरं टोक अंगठ्याला. बोट बाहेर जायचं नावच नको. तो दोरा दोन वर्षं होता. सुटला तोवर बोट शहाणं झालं होतं.

“आपल्या बापूरावांचा बाज आहे हा,” काका म्हणायचे. बापूराव म्हणजे काकांचे वडील, चारुताचे आजोबा. झाशीतल्या जुन्या मराठी घरांत अजूनही त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं कानाची पाळी धरतात. “एकेक दा तोलून मापून. उगाच फडफड नाही. ती बाजारू लोकांची कामं.”

सातव्या वर्षी चारुताला हे पटलं होतं. तेविसाव्या वर्षी, भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन आणि सिपरी बाजारातल्या एका कोचिंग क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना कंपनं आणि लहरी शिकवायला लागल्यावर, पटेनासं झालं. अर्धी सतार वाजवायची आणि तिला घराणं म्हणायचं, म्हणजे लंगडत चालून त्याला ऐट म्हणण्यातला प्रकार. तिने हे एकदा जेवताना म्हणून दाखवलं. काकांनी ताट सारलं. तिचे बाबा, शशिकांत, काकांचे धाकटे भाऊ आणि रेल्वेत कारकून, ताकाच्या वाटीत बघत म्हणाले, “चारू, मोठ्यांशी असं बोलू नये.” आई तिथे नव्हती. ती टहरौलीच्या शाळेत शिकवायची, शनिवारी घरी यायची, आणि लघाट्यांच्या सतारीत मी पडत नाही असं तिने लग्नानंतर वर्षभरातच जाहीर करून टाकलं होतं.

विद्याआत्या, काका आणि बाबांच्या मधली बहीण, पोळी लाटत राहिली. तिची उजवी तर्जनी लाटण्यावरून सरळ बाहेर आलेली होती. ते बोट वळायचंच नाही. संधिवात, असं घरात म्हणत.

२

लखनौच्या एका संगीत महाविद्यालयाचं निवड-चाचणीचं बोलावणं मेमध्ये आलं. आलाप, मग तालात बांधलेली गत, आणि शेवटी पाच मिनिटं झाला. झाला म्हणजे सतारीचा शेवटचा, धावता भाग. मुख्य तारेवर एक दा, आणि त्याच्या पाठोपाठ कडेच्या चिकारीच्या तारांवर रा, रा, रा. एकास तीन. ज्याला रा येत नाही त्याने झाल्याच्या वाटेला जाऊ नये.

चारुताने ठरवलं, शिकायचं. चोरून तर चोरून.

झाशीचा मे. दुपारी दोन ते चार घरातली सगळी मोठी माणसं हॉलमधल्या कूलरसमोर ओळीने आडवी व्हायची. तो कूलर एखादी मालगाडी जावी तसा वाजायचा. हॉलच्या मागे एक लहानशी खोली होती, दाराला जाड पडदा, आत चटई, दोन सतारी आणि एक पत्र्याची पेटी. कूलरच्या घरघरीत तिथे कुणी ढोल बडवला असता तरी बाहेर कळलं नसतं.

नखीही तिने नवी आणली. घरातल्या नख्या जाड पितळी तारेच्या होत्या, टोकं बोथट. त्यांचा स्वर गोल यायचा, पण झाकण ठेवल्यासारखा. सदर बाजारातून आणलेली पोलादी नखी बारीक होती. ती तारेला लागली की स्वर चकाकून उठायचा, आणि हात जरा घोडीकडे, तारा टेकतात त्या पट्टीकडे, सरकवला की अंगावर यायचा. तीच तार, तेच बोट. टोकाला काय आहे आणि ते तारेला कुठून भिडतं, एवढ्यावर आवाजाची जात बदलते. वर्गात ती हे फळ्यावर आकृती काढून शिकवायची. हाताला कळलं तेव्हा तिला जरा लाजच वाटली, की इतकी वर्षं आपण फळ्यावरच राहिलो.

सुरुवातीला बोट गरम करायला ती नुसता दा वाजवायची. सवयच ती. तिसऱ्या दिवशी पावणेतीनला बत्ती गेली.

कूलर घरघरत मंदावला आणि थांबला. गवताच्या पट्ट्यांवरून टाकीत पाणी ठिबकायला लागलं. बाहेर कुणी कूस बदलली. चारुता हलक्या हाताने वाजवत राहिली.

दा. दा. दा.

आणि दर दोन दांच्या बरोबर मध्ये, अगदी हलका, एक रा.

आधी तिला वाटलं, आपलंच बोट परतताना तारेला घासतंय. तिने बघितलं. बोट आत जात होतं, तारेवरून उचललं जाऊन परत येत होतं. मध्ये दोन दोऱ्यांइतकं अंतर होतं.

ती थांबली.

त्यानंतर एक रा आला. एकच, जास्तीचा. समोरच्याने अचानक बोलणं थांबवलं की आपल्या तोंडून एखादा हुंकार उरतो, तसा.

३

आता चारुता काही देवाला नारळ फोडणाऱ्यांतली नव्हती. तिने पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला गुंडाळली, आणि कारण शोधायला बसली.

पहिला संशय तरफांवर. मुख्य तारांच्या खाली बारीक तारा असतात, वरचा स्वर लागला की त्या आपोआप गुणगुणतात. तिने रुमालाची घडी करून तरफांखाली कोंबली. सगळं गप्प झालं, स्वर लाकडासारखा कोरडा झाला. दा, दा, दा. मधला रा मात्र आला, तोही कोरडा नाही, ओला.

दुसरा संशय दुसऱ्या सतारीवर. ती तिने उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली. रा आलाच.

तिसरा संशय भिंतीवर. प्रतिध्वनी. हा तिला पटलाही, कारण पटायला हवा होता. दोन दिवस ती त्यावर राहिली. मग बत्ती गेली असताना तिने फोनवर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी क्लासमध्ये पोरं गेल्यावर स्क्रीनवर आवाजाची आकृती लांब करून बघितली. दांचे उंच सुळके, आणि मध्ये रांचे बुटके. तिने दोन ठिकाणी लय वाढवली होती. भिंतीचा प्रतिध्वनी लयीची फिकीर करत नाही, त्याला लागतो तेवढाच वेळ लागतो. इथे मात्र ती धावली की मधला रा धावला होता, ती रेंगाळली की रेंगाळला होता.

कानाला हेडफोन लावून तिने पुन्हा ऐकलं. मग तिला ते कळलं, आणि कळल्यावर आपण इतका वेळ बहिऱ्या होतो की काय असं झालं.

दा पोलादी होता, चकाकता, तिच्या नव्या नखीचा. रा पितळी होता. जाड तारेचा, बोथट टोकाचा, बोटात जरा सैल बसलेल्या नखीचा. प्रत्येक आघाताआधी ती सैल नखी किंचित खुळखुळत होती.

प्रतिध्वनी नखी बदलून येत नाही.

तिने फोन पालथा ठेवला. बाहेर टेम्पोवाला ओरडत होता, “सदर, सदर, सदर!” कुणी तरी पाणीपुरीवाल्याशी भांडत होतं. ती तिथेच, दिवे लावून, क्लासचा शिपाई हाकलेपर्यंत बसून राहिली.

४

आठवड्याने स्वर फाटायला लागला. नखी खराब निघाली असेल म्हणून ती सदर बाजारात त्याच दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, नाकावर चष्मा, हातात अर्धी उघडी हार्मोनियम. त्याने नखी उजेडात धरली आणि अंगठ्याने चाचपली.

“काए बिन्नू, उल्टी काए बजा रईं?” पोरींना इकडे बिन्नू म्हणतात.

“उल्टी?”

“देखो. दा बजाओ तो नखी अंदर की तरफ से घिसती है. रा बजाओ तो बाहर की तरफ से. सब लोग दोनों बजाते हैं, तो दोनों तरफ से बराबर. तुम्हारी तो खाली बाहर से घिसी है. खाली रा.” तो हसला. “दा किसी और से बजवा रईं का?”

चारुताने अजून एकही रा वाजवला नव्हता. बोट बाहेर जायला धजतच नव्हतं. इतके दिवस तिने फक्त दा वाजवला होता.

घरी आल्यावर ती हॉलमधल्या काचेच्या कपाटासमोर उभी राहिली. त्यात बापूरावांची शाल, दोन मानपत्रं आणि मखमलीच्या डबीत त्यांची नखी. ही डबी कुणी उघडत नसे. तिने उघडली. नखी आतल्या बाजूने झिजून पात्यासारखी झाली होती. बाहेरची बाजू नव्यासारखी. काका खोटं बोलत नव्हते, बापूरावांनी जन्मभर फक्त दा वाजवला होता.

डबीतली मखमल मात्र दोन नख्यांची होती. दुसरा खळगा रिकामा होता.

तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. नखीची तार रुतून काळी रेघ पडते, ती तर्जनीच्या आतल्या अंगाला असायला हवी. ती बाहेरच्या अंगाला होती. साबणाने गेली नाही.

५

त्या रात्री जेवणं झाल्यावर काकांनी बापूरावांची कॅसेट लावली. बापूरावांच्या जन्माची शंभरी जूनमध्ये होती. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम, काकांचा मुलगा सुबोध वाजवणार. सुबोध एकोणीस वर्षांचा, गोरागोमटा, हात बरा, डोकं दुसरीकडे.

कॅसेटवर गत संपली आणि झाला सुरू झाला. धो धो. एक दा, तीन रा, एक दा, तीन रा, चिकारी नुसती पेटलेली. काका डोळे मिटून डोलत होते.

“काका,” चारुता म्हणाली, “हा रा कुणाचा?”

काकांचं डोलणं थांबलं.

“बापूराव रा वाजवत नव्हते ना? बाजारू लोकांची कामं ना ती? मग हे चाललंय काय? फडफड?”

“चारू,” बाबा म्हणाले.

“मी विचारतेय फक्त.”

“तेच करायचं नाही,” काका म्हणाले, पण रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॅसेट बंद केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “लखनौच्या होस्टेलच्या फॉर्मवर वडिलांची सही लागते म्हणालीस?”

चारुताने बाबांकडे पाहिलं. ‘दादा म्हणेल तसं’ हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलंच होतं.

“करेल शशी सही. मी सांगतो त्याला. मला काय तुझं वाईट बघायचंय? फक्त शंभरीला सुबोध पुढे वाजवेल तेव्हा तू मागे बसायचंस. विंगेत, पडदा टाकून.”

“काय वाजवायचं?”

“काही नाही. मांडीवर सतार घ्यायची, नखी घालायची आणि बसायचं. तारेला हात लावायचा नाही.”

“मग नखी कशाला?”

विद्याआत्या ताटं उचलायला लागली.

“बैठ जाओ ना, दीदी,” सुबोध म्हणाला. “प्लीज. मला एकट्याने झाला नाही जमत.”

“तुला रा शिकवलाय?”

“नाही. मला फक्त दा येतो.” तो अगदी सहज म्हणाला. “पप्पा म्हणतात, बाकीचं होतं.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्याआत्या गच्चीवर कुरडया घालत होती. ऊन अजून सोसण्याजोगं होतं. चारुताने सोऱ्या तिच्या हातातून काढून घेतला आणि आपलं बोट तिच्यापुढे धरलं, काळ्या रेघेसकट.

आत्याने ते उन्हात वळवून बघितलं.

“इतक्यात?” ती म्हणाली. “मला वर्ष लागलं होतं.”

“कोण आहे ती?”

“ती आहे हे तुला कुणी सांगितलं?”

“पुरुष असता तर कपाटात मानपत्र असतं.”

आत्या हसली. हसताना तिने पदर तोंडावर घेतला, जणू गच्चीवर कुणी ऐकेल.

“इंदूआत्या. बापूंची बहीण. बापूंचं बोट आत छान जायचं, बाहेर जायचं नाही. लहानपणी मोडलं होतं म्हणे. मग ती पडद्यामागे बसायची. पुढे दा, मागे रा. लोक म्हणायचे, काय तयारी आहे हो लघाट्यांची! दोन माणसांचं बळ!”

“म्हणजे एक त्यांचा, तीन तिचे.”

“असं मोजायचं नसतं गं.”

“मोजणाऱ्याने मोजलंच असतं, आत्या. न मोजण्याची सवय तुम्हाला लावली.”

आत्या कुरडईचं पीठ बोटांवरून निपटत म्हणाली, “तिचा दोरा तुझ्यासारखा नव्हता. बोटाला बांधून उलट्या हातावरून मागे, मनगटातल्या बांगडीला. बोट आत यायलाच नको. चुकून दा लागला तर बापूंच्या स्वराला डाग.”

“मग?”

“मग एका बैठकीत गेली. खाली, आपल्याच हॉलमध्ये बैठक होती. पुढे शंभर माणसं. बापूंनी तिहाई घेतली, तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर संपवलं, टाळ्या झाल्या. मी दहा वर्षांची. मी तिच्यासाठी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले.” ती थांबली. “ती गार होती, चारू. नुकतं गेलेलं माणूस गार नसतं.”

दूर स्टेशनवरून घोषणा ऐकू आली, कुठली तरी गाडी दोन तास लेट.

“पण झाला तर...” चारुता म्हणाली.

“थांबला नव्हता ना. म्हणून तर कुणी उठलं नाही.”

चारुताच्या हातातला सोऱ्या कपड्यावर टेकला. पिठाची एक तार वाकडीतिकडी बाहेर येऊन तुटली.

“त्यानंतर बापू वाजवायचे तेव्हा मी बसायचे,” आत्या म्हणाली. “घरातली एक मुलगी लागते तिथे, एवढंच कळलं होतं त्यांना. रिकाम्या खोलीत नाही व्हायचं. मी काही वाजवत नव्हते. पंचवीस वर्षं, शपथेवर सांगते, मी काही वाजवलं नाही.” तिने आपलं न वळणारं बोट उन्हात धरलं. “आता सुबोधसाठीही मीच बसते. हल्ली उशिरा येतो म्हणे रा. जनार्दन म्हणतो, माझं वय झालं. तरुण कुणी बसलं तर सुधारेल.”

“आणि तू मला हे सांगणार नव्हतीस.”

“तू विचारलं नाहीस.”

“विचारायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं!”

आत्याने सोऱ्या परत घेतला आणि खाली मान घालून पुढची कुरडई घातली. गोल, घट्ट, कुठेही न तुटता.

७

तरीही चारुता तालमीला बसली. हे लपवण्यात अर्थ नाही. फॉर्मची शेवटची तारीख मंगळवार होती आणि काकांनी तालमीसाठी रविवार सकाळ सांगितली होती, सही त्यानंतर. एक सकाळ बसू, सही घेऊ, पुढचं पुढे. बोलणाऱ्या मुलींनाही सौदे करावे लागतात. शिवाय तिच्या डोक्याचा एक हट्टी कोपरा अजून म्हणत होता, म्हातारीच्या आठवणी आहेत, नखीची तार वाईट आहे, बघू तरी.

हॉलमध्ये काका, बाबा आणि मंडळाचे दोन म्हातारे गादीवर. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात. आई या शनिवारी आलीच नव्हती. सुबोध मधोमध. चारुता मागच्या खोलीत, पडदा खाली, मांडीवर सतार. पोलादी नखी तिने घातली, मग काढली. ओढणीच्या टोकात गाठ मारून ठेवली. उजवा हात मांडीखाली दाबून ती बसली. आता जे काय येईल ते आपल्या हातातून तरी नाही येणार.

सुबोधने आलाप उरकला, गत धरली, आणि मग झाला.

दा.

रा रा रा.

ते तिच्या मांडीवरच्या सतारीतून आलं. चिकारीच्या तारा तिच्या डोळ्यांसमोर थरथरत होत्या. पितळी, बोथट आवाज, आणि प्रत्येक आघाताआधी तो बारीक खुळखुळ. बाहेर एक म्हातारा म्हणाला, “वाह! बिलकुल बापूराव!”

दा. रा रा रा. दा. रा रा रा.

चारुता ऐकत राहिली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतंच. तीनांतला तिसरा रा उशिरा येत होता. केसभर. पुढच्या फेरीत जरा जास्त. मग घाईघाईने भरून काढल्यासारखा दोन फेऱ्या बरोबर, मग पुन्हा उशिरा. दमलेला माणूस चालतो तसं. पायात गोळे आले आहेत पण पुढचे थांबत नाहीत.

खिडकीतून आलेल्या वाऱ्याने पडदा फुगला आणि हॉलमधला उजेड वीतभर आत आला.

सतारीच्या भोपळ्याच्या पलीकडे, चटईवर, एक मनगट होतं. त्यात काळी पडलेली बांगडी. बांगडीपासून बोटापर्यंत पांढरा दोरा, तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला. बोट बाहेर जात होतं, बाहेर, बाहेर. आणि प्रत्येक वेळी, बाहेर जाण्याआधी, ते एकदा आत वळायचा प्रयत्न करत होतं. दोरा वळू देत नव्हता. तो खुळखुळ नखीचा नव्हता, बांगडीचा होता.

पडदा खाली आला.

चारुता कशी उठली ते तिला नंतर आठवलं नाही. सतार चटईवर ठेवल्याचं आठवलं, हळू, कुणाच्या अंगावर पडू नये अशी. ती पडदा सारून हॉलमध्ये आली तेव्हा मागे झाला चालूच होता.

“आत जा,” काका ओठांतल्या ओठांत म्हणाले. “चारू. आत जा.”

ती सरळ सुबोधपुढे जाऊन बसली आणि तिने आपला तळवा त्याच्या तारांवर आडवा ठेवला. दा मेला.

मागे, पडद्याआड: रा रा रा.

थोडी रिकामी जागा. पुन्हा रा रा रा.

सुबोधने दोन्ही हात वर केले, चटका बसावा तसे. “दीदी, मी नाही वाजवत आहे. हे मी नाही.”

“माहीत आहे.”

म्हाताऱ्यांपैकी एकाच्या कपातला चहा बशीत सांडला. आणि मग काका ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. “सुबोध, तिहाई घे! काढ गं हात! तिहाई घे, समेवर ये, थांबेल!”

ते बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं, की आपण काय बोललो.

“थांबेल,” चारुता म्हणाली. “काय केलं की थांबतं हे पाठ आहे तुम्हाला. म्हणजे न थांबलेलंही ऐकलंय कधीतरी.”

“पोरी, घराण्याचं...”

“नाही. मी आत बसणार नाही. सुबोध तिहाई घेणार नाही. तुमची टाळी येईपर्यंत हे झाकून टाकायचं नाही आज. सही करायला नका सांगू, काका. बाबा, तुम्हीही नका करू. लखनौला मी चाचणीच्या आदल्या दिवशी जाऊन उभी राहीन, नाही घेतलं तर परत येईन. पण मी रा माझ्या बोटाने वाजवीन आणि दा पण माझ्याच.”

तळव्याखाली तारा गार होत्या. मागचा आवाज पातळ होत चालला होता, पण थांबत नव्हता. समोर दा नसताना तो ऐकायला फार वाईट वाटत होता. उत्तरं, उत्तरं, उत्तरं, आणि प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

“त्या दिवशी शंभर माणसं होती या खोलीत,” चारुता म्हणाली. “आज सहा आहात. उठा कुणीतरी. आत जाऊन तो दोरा तेवढा सोडा.”

काकांचं तोंड उघडं होतं. बाबा सतरंजीच्या नक्षीकडे बघत होते, ताकाच्या वाटीत बघत तसे. मंडळाच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. दारात विद्याआत्या ट्रे धरून उभी होती, आणि तिची सरळ तर्जनी सगळ्यांच्या मधून पडद्याकडे रोखलेली होती.

“उठा ना,” चारुता म्हणाली.

पडद्याआड तीन झाले, जागा सुटली, पुन्हा तीन झाले.